टाकी कोरडी होती

अर्धसूत हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. त्यांनी ठेवलेलं नाव चांगलं भारदस्त होतं, पण ते बायकोलासुद्धा फॉर्म भरतानाच आठवायचं. सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. हा गृहस्थ कारखान्याच्या टूलरूममध्ये लेथवर उभा राहून तेहतीस वर्षं एकच वाक्य बोलत आला, "अर्धं सूत कमी आहे." निवृत्त झाल्यावर ते वाक्य त्याच्याबरोबर घरी आलं. कुणी हौसेनं नवं घर दाखवायला नेलं, तर हा उंबऱ्यातच थांबून चौकटीकडे बघायचा. "उजवीकडे अर्धं सूत उतरलीय." डॉक्टरनं दंडाला पट्टा बांधून रक्तदाब घ्यायला सुरुवात केली, तर याची नजर काट्यावर. "आधी हा शून्यावर आणा, मग माझं बघा."

असला माणूस कुणाला आवडणार? पण एक होतं. त्याच्या हाताखालून गेलेली वस्तू पुन्हा बिघडून परत येत नसे. शिवणयंत्र म्हणा, पाण्याचा पंप म्हणा, भिंतीवरचं घड्याळ म्हणा. लोक त्याला पाठीमागे खडूस म्हणत आणि बिघडलेलं सामान गुपचूप त्याच्याच दारात आणून ठेवत. "अर्धसूतनं हात लावलाय ना? मग संपलं," असं म्हणायची रीतच पडून गेली होती. या रीतीनं एका माणसाचं आयुष्य नासवलं, आणि तो माणूस दुसरातिसरा कुणी नाही, याचा सख्खा थोरला भाऊ.

थोरला वीज कंपनीत लाइनमन. खांबावर सरसर चढणारा, वरूनच खालच्या लोकांची थट्टा करणारा, मोकळाढाकळा माणूस. त्याच्याकडे एक जुनी मोटारसायकल होती. दोघा भावांहून वयानं मोठी, एका सिलिंडरची, चालू झाली की शेजाऱ्यांच्या कपाटातली भांडी वाजवणारी. अठ्ठावीस वर्षांमागे ती धूर ओकायला लागली, तेव्हा धाकट्यानं दोन रविवार खपून थोरल्याच्या ओसरीत तिचं इंजिन नव्यानं बांधून दिलं. थोरला पाठीशी उभा राहून "आटप रे, आटप" म्हणत होता, आणि धाकटा "मध्ये बोलू नकोस" म्हणत होता. दोघांच्या बायका आतल्या खोलीत यांची नक्कल करून हसत होत्या.

तिसऱ्या दिवशी थोरला गाडी घेऊन लांब निघाला. तासाभरानं एका उतारावर इंजिन जागच्या जागी आवळलं, मागचं चाक अडकलं आणि थोरला रस्त्यावर फेकला गेला. पाय दोन ठिकाणी मोडला. जुळला, पण आखूड जुळला. खांबावर चढणारा माणूस उरलेली नोकरी भांडारात खुर्चीवर बसून तारांची भेंडोळी मोजत राहिला.

अपघातानंतर जमलेल्या लोकांपैकी कुणीतरी गाडीच्या ऑइलच्या टाकीचं झाकण उघडून बघितलं होतं. टाकी कोरडी होती.

थोरला दवाखान्याच्या खाटेवरून सांगत होता, "मी सकाळी माझ्या हातानं दीड लिटर तेल ओतलं."

धाकटा खाटेच्या पायथ्याशी उभा. "ओतलंस, तर गेलं कुठं? रस्त्यावर एक थेंब नाही, इंजिनाला बाहेरून एक थेंब नाही. टाकी कोरडी होती."

"मग तुझ्या बांधणीत काहीतरी राहिलं असेल."

"माझ्या बांधणीत?"

झालं. एवढ्या एका शब्दावर सगळं मोडलं. थोरल्यानं गाडी घरामागे ताडपत्रीखाली ढकलली आणि जाहीर केलं की या इंजिनाला कुणी हात लावायचा नाही, उघडायचं तर त्यानंच यावं, माझ्यासमोर उघडावं. धाकट्यानं जाहीर केलं की खोटारड्याच्या दारात आपण जाणार नाही. मधल्या मध्ये जावाजावा तुटल्या. दोघी एकमेकींच्या दुखण्याखुपण्याला अर्ध्या रात्री धावणाऱ्या. आता समोरासमोर आल्या की रस्ता ओलांडायला लागल्या. लोकांनी फार विचार केला नाही. एकीकडे अर्धसूत, दुसरीकडे हसतखेळत चार गोष्टी विसरणारा लाइनमन. कोण चुकलं असेल हे विचारायचं तरी कशाला?

मागच्या थंडीत थोरला गेला. धाकटा स्मशानात गेला होता. मागच्या रांगेत उभा राहिला आणि कुणाशी न बोलता परतला. दोन महिन्यांनी वहिनींचा फोन आला.

"भाऊजी, ती गाडी घेऊन जा. मागची जागा अडलीय."

"इंजिन उघडू का?"

मग वहिनी म्हणाल्या, "तुमचीच आहे आता. पण उघडल्यावर काय निघेल ते मला सांगा. मी येईन. मला एकदाच ऐकायचंय, कोण खरं होतं ते."

यानं फोन ठेवला आणि तडक न्हाव्याचं दुकान गाठलं. आपल्या माणसाच्या पोटात काही राहत नाही, आणि न्हाव्याच्या दुकानाइतकी चांगली कोर्टाची जागा दुसरी नाही. तिथं याचा जुना फोरमन रोज वर्तमानपत्राचं एकच पान दोन तास वाचत बसलेला असायचा.

"काय निघणार रे आत?" फोरमननं विचारलं.

"कोरडा जळलेला पिस्टन. तेल न घालता गाडी पळवली की जे निघतं ते."

न्हावी कात्री थांबवून म्हणाला, "मेलेल्या माणसावर खटला चालवतोस होय?"

"खटला त्यानं चालवला माझ्यावर. मी फक्त पुरावा मांडणार."

गाडी खाली जिन्याजवळ ठेवली, इंजिन मोकळं केलं आणि दोन हमालांनी ते वर आणलं. आधी गॅलरीत, मग तिथं उजेड तिरपा पडतो म्हणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर. टेबलावर वर्तमानपत्रं, त्यावर जुनी चादर, त्यावर इंजिन. बायकोनं बघितलं आणि शांतपणे विचारलं, "आणि आपण जेवायचं कुठं?"

"मांडीवर ताट घेऊन."

"कोणाच्या मांडीवर?"

इंजिन मात्र हसण्यावारी नेण्यातलं नव्हतं. वरचं हेड निघालं, पण सिलिंडर हलेना. आत पिस्टन अठ्ठावीस वर्षं गंजून बसला होता, नवराबायकोच्या भांडणासारखा घट्ट. यानं वरून रॉकेल आणि डिझेल ओतून ठेवलं, तीन दिवस वाट बघितली. लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीनं टकटक केलं. मग सिलिंडर गरम पाण्यात भिजवलेल्या फडक्यांनी शेकला. मग गॅसच्या शेगडीवर तवा तापवून तो टेकवला. दुधाला रॉकेलचा वास, चहाला रॉकेलचा वास, बायकोच्या केसांनाही. ती म्हणाली, "मी काडी पेटवली तर मीच पेटेन."

हा ऐकतच नव्हता. थोरल्याचा खोटेपणा त्या लोखंडात होता आणि तो बाहेर काढायचा होता. एरवी एक स्क्रू सुटत नसेल तर दुसऱ्या दिवशी बघू म्हणणारा माणूस आता जेवता जेवता उठून ठोकळा आपटायचा. आणि आपटताना कुणाशी तरी बोलायचा. "म्हणे ओतलं. ओतलं म्हणे." बायको दाराशी उभी राहून ऐकायची आणि आत जायची.

अकराव्या दिवशी पिस्टन हलला. किती? अर्धं सूत. त्यानं मोजलं आणि घरात कुणी नसल्यासारखा मोठ्यानं हसला. संध्याकाळपर्यंत सिलिंडर वर उचलला गेला आणि पिस्टन उघडा पडला. दोन्ही अंगांना खोल रेघोट्या, कोरडं घासल्याच्या, नखानं जाणवतील अशा. यानं तो उजेडाकडे वळवून वळवून बघितला. मग हात पुसून वहिनींना फोन लावला. "वहिनी, उद्या अकराला या."

आता एक बारीकशी गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच फिरलं. सिलिंडर काढला की इंजिनाच्या खालच्या भागाचं, पोटाचंच म्हणू, तोंड उघडं पडतं. पिस्टनची पिन बसवताना तिची बारीक क्लिप हातातून उडते आणि नेमकी त्या तोंडातून आत पडते. म्हणून चांगले कारागीर तिथं एक फडकं कोंबतात, आणि त्याचं शेपूट बाहेर लोंबतं ठेवतात. काम झालं की शेपटाला धरून ओढायचं. अर्धसूतनं फोन ठेवल्या ठेवल्या सवयीनं तेच केलं. धूळ जाऊ नये म्हणून स्वच्छ फडकं कोंबलं, शेपूट बाहेर ठेवलं आणि झोपायला गेला. आत काळोखात काय आहे हे त्यानं वाकून बघितलं नाही. गरजच काय? पुरावा हातात होता.

सकाळी नऊला, वहिनी यायच्या आत टेबल जरा बरं दिसावं म्हणून, त्यानं पोटाचा खालचा बोल्ट सोडवायला घेतला. खाली एक वाटी ठेवली.

"मोठं काहीतरी घ्या," बायको म्हणाली.

"काय पडणार आहे? गंजाचे दोन थेंब."

बोल्ट निघाला आणि डांबरासारखं काळं तेल सुटलं. वाटी भरली. चादरीवर आलं, वर्तमानपत्रावर आलं, टेबलाच्या कडेवरून फरशीवर. बायकोनं धावत पातेलं आणलं. तेल पडतच होतं, घाई नसल्यासारखं, जाड, अखंड. हा बोल्ट हातात धरून उभा.

धार थांबल्यावर त्यानं दुसरं काही न करता तेल मोजलं. तो अर्धसूत होता, मोजल्यावाचून राहवणार कसं? फरशीवरचं सोडून सव्वा लिटर.

या जुन्या गाड्यांत तेलाची टाकी इंजिनाबाहेर असते. एक पंप टाकीतलं तेल वर पिस्टनपर्यंत पोचवतो. तिथून ते खाली पोटात गळतं, आणि दुसरा पंप ते उचलून परत टाकीत टाकतो. हा दुसरा पंप तुंबला, तर टाकीतलं सगळं तेल हळूहळू पोटात साचतं आणि टाकी रिकामी होते. मग वर जायला तेल उरत नाही. बघणाऱ्याला टाकी कोरडी दिसते. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. चार माणसांना त्यानं शिकवलं होतं.

त्यानं खालचं पत्र्याचं झाकण काढलं. दुसऱ्या पंपाच्या तोंडावरची जाळी एका काळ्या गोळ्यानं लिंपलेली होती. गोळा रॉकेलमध्ये धुतला, पिळला, पुन्हा धुतला. कापड होतं. निळं. त्यावर पांढरं बदक.

बायको त्याच्या खांद्यावरून बघत होती. "हा माझा पडदा आहे."

त्यानं कापड उजेडाकडे धरलं.

"न्हाणीच्या खिडकीचा. मीच फाडून दिला होता, तुम्ही फडकी मागितली तेव्हा. दोन तुकडे दिले होते."

दोन तुकडे. कारखान्यात एक मोठं फडकं असायचं. ओसरीत लहान तुकडे होते, एकानं तोंड भरेना म्हणून त्यानं दोन कोंबले होते. शेपूट मात्र एकाचंच बाहेर होतं. काम झाल्यावर त्यानं शेपटाला धरून ओढलं, फडकं आलं, आणि नेहमीसारखं आलं म्हणून सगळं आलं असं त्यानं धरलं.

"आता?" बायकोनं विचारलं.

"आता काय?"

"ताई अकराला येतायत."

"मला घड्याळ कळतं." त्यानं चिंधी पिळून घडी केली आणि शर्टाच्या खिशात घातली. "वहिनींना काय सांगायचं ते मी बघतो. तू मध्ये बोलू नकोस."

बायकोनं फरशी पुसायला घेतली.

वहिनी बरोबर अकराला आल्या. जिन्यानं दमल्या होत्या. स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून त्यांनी टेबलावरच्या इंजिनाकडे बघितलं. "हेच होय ते? एवढंसंच?" जाऊबाईनं पाणी दिलं. त्यांनी ते घेतलं. दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही.

अर्धसूतनं पिस्टन पुढं धरला. आवाज टूलरूममधला लावला. "ह्या रेघा बघा, वहिनी. दोन्ही बाजूंनी. म्हणजे इथं तेल पोचलं नाही. एवढं नक्की."

बघा कसा माणूस. एक अक्षर खोटं बोलला नाही.

वहिनींनी रेघोट्यांवरून बोट फिरवलं. "म्हणजे घातलंच नव्हतं."

"पोचलं नाही, एवढं दिसतंय."

"तेच ते." वहिनींनी पिस्टन टेबलावर ठेवला. थोडा वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "भाऊजी, ते हट्टी होते. चूक कबूल करायची त्यांना सवय नव्हती. तुमच्यावर ठपका ठेवून गेले. त्यांच्या वतीनं मी माफी मागते. मनात ठेवू नका."

आता खरं तर याच्या तोंडून काहीतरी निघायला हवं होतं. निघालं. "जाऊ द्या, वहिनी. झालं गेलं."

बायको ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. ती वळली. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही, दूध उतू जातंय सांगावं तसा साधा आवाज. "अहो, शर्टाला डाग पडतोय. ती चिंधी काढा खिशातून."

खिशाखाली रुपयाएवढा काळा डाग पडला होता आणि वाढत होता.

"कसली चिंधी?" वहिनींनी विचारलं.

त्यानं ती काढून टेबलावर ठेवली. मग सांगितलं. लांबण लावली नाही. दोन फडकी, एक शेपूट, जाळी, पंप. वहिनी ऐकत होत्या. मध्येच त्यांनी विचारलं, "पोटातून तेल किती निघालं?"

"सव्वा लिटर."

"ते दीड म्हणायचे."

"फरशीवर सांडलं. थोडं गाडीनं जाळलं असेल."

"म्हणजे दीडच."

"दीडच."

वहिनी चिंधीवरच्या बदकाकडे बघत बोलायला लागल्या, त्याच्याशी की जाऊबाईशी ते कळेना. "मी त्यांना सारखी म्हणायची. विसरला असाल, कबूल करा, भावाला एक फोन करा. वर्षानुवर्षं म्हणत होते. एकदा ते ताटावरून उठले. म्हणाले, तू तरी. त्यानंतर तो विषयच काढला नाही त्यांनी. मला वाटलं, पटलं असेल." त्यांनी अर्धसूतकडे बघितलं. "तुम्ही चुकणार नाही अशी माझी खात्री होती हो. नवऱ्यापेक्षा तुमच्यावर भरवसा ठेवला मी."

"वहिनी..."

"आणि मघाशी 'झालं गेलं' म्हणालात, ते मला माफ केलंत की त्यांना?"

वहिनींनी रुमाल काढला, चिंधी त्यात गुंडाळली आणि पिशवीत ठेवली.

"इंजिन मी जोडून देतो, वहिनी. सगळं नवं करून. तुमच्या दारात आणून उभी करतो गाडी."

"तुम्ही नका जोडू," वहिनी म्हणाल्या आणि उठल्या.

जिना उतरायला त्यांना त्रास होत होता. बायकोनं चपला घातल्या, त्यांच्या कोपराला धरलं आणि दोघी खाली गेल्या. ती परत आली तेव्हा दुपार कलली होती. कुठं होतीस, हे त्यानं विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. त्या दिवसापासून आजतागायत ती त्याच्याशी बोलते, पण कामापुरतं. भाजी काय आणू, पंखा बंद करा, कुणी आलंय.

सोमवारी तो न्हाव्याच्या दुकानात गेला. खुर्चीत साबण फासलेला एक किराणा दुकानदार, बाकावर फोरमन.

"काय? निघाला का कोरडा?" फोरमननं वर्तमानपत्र खाली केलं.

"माझी चूक होती," अर्धसूत म्हणाला. "फडकं राहिलं होतं आत. तेल सगळं पोटात अडकलं. त्यानं तेल घातलं होतं."

मग न्हावी हसला. "तू आणि फडकं विसरणार?"

"दोन घातली होती, एक काढलं."

"दाखव."

"वहिनींकडे आहे."

फोरमन आणि न्हाव्यानं एकमेकांकडे बघितलं. फोरमन उठला, त्यानं अर्धसूतच्या खांद्यावर हात ठेवला आणि घसा साफ केला. "तेहतीस वर्षं तुझं काम तपासलं मी. मला सांगू नकोस. विधवा बाईसमोर मेलेल्या माणसाचा दोष नको, म्हणून अंगावर घेतलास. कळतं आम्हाला. मी नसता घेतला."

"अरे, मी खरं बोलतोय!"

"बोल, बोल. असंच बोलत राहा."

"मी तेल मोजलंय. सव्वा लिटर!"

"बघ की," न्हावी म्हणाला, "आकडासुद्धा तयार ठेवलाय."

साबणाखालून किराणावाला बोलला, "बाकी थोरले विसराळूच होते हां. आमच्या खांबावर चढले तेव्हा पक्कड वरच ठेवून आले होते. पुन्हा चढावं लागलं." सगळे हसले. न्हाव्यानंही त्यांच्याबद्दलची एक आठवण काढली, फोरमननं दुसरी. एकाहून एक विसराळू. माणूस जाऊन तीन महिने झाले नव्हते, आणि त्याच्या हातून न झालेल्या चुकाही आता त्याच्या नावावर जमा होत होत्या.

"त्यानं तेल घातलं होतं," अर्धसूत पुन्हा म्हणाला. आता आवाज चढला होता. रस्त्यावरचे दोघेतिघे दारात डोकावले.

न्हाव्यानं त्यांना खुणेनं गप्प केलं, ओठावर बोट ठेवून, आजाऱ्याच्या खोलीत ठेवतात तसं. मग बाकावरची जागा फडक्यानं झटकून म्हणाला, "बस, बस. एवढा सज्जन माणूस, आणि उभा का?"